‘प्रशासन उदासीन’

दोन शब्दांत शीर्षक बसवायचं असेल तर ‘प्रशासन उदासीन’ याच्याइतकं सोयीचं मराठीत दुसरं काही नाही. मी काही वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होतो. हे दोन शब्द किती वेळा लावले याचा हिशेब ठेवला नाही, ठेवला असता तर लाज वाटली असती. पूल खचला, प्रशासन उदासीन. बिबट्या दिसला, वन विभाग उदासीन. शाळेचं छत गळतंय, शिक्षण विभाग उदासीन. बातमी एक कॉलमची असो की तीन, शीर्षक बसतंच. जागा उरली तर उद्गारचिन्ह टाकायचं. रात्री साडेअकराला पान सोडताना कोणी याहून जास्त विचार करत नाही.

या शब्दाचा सगळ्यात मोठा गुण मला फार उशिरा कळला. त्यावरून कधीही, कोणीही नोटीस पाठवली नाही. ‘अमुक अभियंत्याने फाइल दोन महिने दाबून ठेवली’ असं छापलं की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन ठरलेला. पुरावा दाखवा, खुलासा छापा, वकिलाशी बोला. ‘उदासीन’ला पुरावा लागत नाही. ज्याला म्हटलं तोही वाचतो, पान उलटतो आणि चहा घेतो. इतकी वर्षं दररोज ज्याच्यावर हा आरोप होतो त्याचा केसही वाकत नसेल, तर तो आरोप आहे की सलामी, हे तपासून बघायला हवं.

शब्दाची मूळ अडचण त्याच्या क्रियापदात आहे. माणूस उदासीन ‘असतो’. उदासीनता कोणी ‘करत’ नाही. उलट मराठीत सरकारी कामासाठी जे जुने, खडबडीत शब्द आहेत ते सगळे ‘करणे’ घेतात: दिरंगाई केली, हयगय केली, कामात कसूर केली, टाळाटाळ केली, चालढकल केली. यातला प्रत्येक शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, कोणी केली? ‘प्रशासनाच्या उदासीनतेमुळे रस्ता रखडला’ या वाक्यात मात्र कोणीच काही केलेलं नाही. कर्ताच नाही. रस्ता आपला आपण रखडला आणि बाजूला कोणाची तरी मनःस्थिती उभी होती. केलेल्या गोष्टीचा जाब विचारता येतो, असलेल्या स्वभावाचा काय जाब विचारणार? पावसाळ्यात हवा दमट असते, तसं प्रशासन उदासीन असतं. मग छत्री घ्यायची आणि चालू लागायचं.

कायद्याची भाषा या बाबतीत वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी शहाणी आहे. अपघाताची कुठलीही फिर्याद वाचा, त्यात ‘हयगयीने व अविचाराने’ असं येतं. ‘चालक उदासीन होता’ असं कोणी फौजदार लिहीत नाही. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब यासाठी २००५चा कायदा आहे, त्याचं बोलीतलं नावच दफ्तर दिरंगाई कायदा. साधारणपणे कोणतीही फाइल सरकारी कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची असेल तर चार दिवस, अति तातडीची असेल तर एक दिवस, असं तो म्हणतो. २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगतो. माहिती अधिकारात उत्तर द्यायला तीस दिवस, आणि योग्य कारणाशिवाय उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. या तिन्ही कायद्यांत मुख्य मोजमाप दिवसांचं आहे, मनाच्या अवस्थेचं नाही. दिवस मोजा, टेबल शोधा, सही बघा. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. पण निदान प्रश्न तरी नीट विचारलेला आहे. आपण बातमीत ‘उदासीन’ लिहितो तेव्हा कायद्याने हातात दिलेली मोजपट्टी खाली ठेवतो आणि नाडीपरीक्षा करायला बसतो.

खरं तर हा शब्द असा नव्हता. उद् अधिक आसीन, म्हणजे वर, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या मंडल सिद्धान्तात, म्हणजे शेजारच्या राजांशी कसं वागावं याच्या मांडणीत, ‘उदासीन’ हा एक राजा आहे, आणि तो सुस्त तर मुळीच नाही. भोवतीचे शत्रू, मित्र, मध्यम (दोघांच्या मधला राजा) हे सगळे एकत्र असोत की फुटलेले असोत, त्यांना मदत करण्याची किंवा दाबून टाकण्याची ताकद त्याच्यात आहे, म्हणून तर तो बाजूला बसू शकतो. दुबळ्याला उदासीन राहता येत नाही, त्याला कोणाच्या तरी पदराआड जावंच लागतं. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन येतं, ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’. ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ शेजारी शेजारी, एकाच माणसाबद्दल! आजच्या मराठीत हे वाक्यच चुकीचं ठरेल. दक्ष अधिकारी वेगळा आणि उदासीन अधिकारी वेगळा, त्यांचे फोटोसुद्धा वेगवेगळ्या पानांवर येतात.

आणि तुकोबांची ती ओळ, जी आपण लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत कुठेही छापतो:

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥

इथला ‘उदास’ म्हणजे तोंड पाडून बसलेला नव्हे. पैसा नीट मार्गाने मिळवायचा आणि खर्च करताना त्यात जीव अडकवायचा नाही, असं ते सांगणं आहे. यातला माणूस कमावतो, खर्चतो, व्यवहार करतो. फक्त त्याची मूठ आवळलेली नाही. एखाद्या नगरपालिकेच्या लेखापालासाठी याहून नेमकी सूचना मला तरी माहीत नाही. म्हणजे पूर्वीच्या अर्थाने बघितलं तर आपली तक्रार उलटी असायला हवी, की प्रशासन पुरेसं उदासीन नाही. निविदेत त्याचा जीव अडकतो, बदलीत अडकतो, कोणाचं काम आधी करायचं यात तर फारच अडकतो.

(रसायनशास्त्राच्या पुस्तकात मात्र जुना अर्थ अजून टिकून आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उदासिनीकरण होतं आणि क्षार व पाणी मिळतं. तिथे कोणालाही कंटाळा आलेला नसतो.)

शब्द घसरतात, त्यात नवल नाही. प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा ‘अपाथेया’, म्हणजे विकारांनी न हलणारं मन, हा सद्गुण होता. त्याच शब्दापासून युरोपच्या भाषांत आजचा निर्विकार थंडपणाचा दुर्गुण (इंग्रजीतली ‘ॲपथी’) तयार झाला. वाट जवळजवळ सारखीच. पण शब्द घसरला याचं मला दुःख नाही, मी काही शुद्धिवादी नाही. घसरून तो जिथे पोचला तिथे काय झाकतो आहे, तेवढाच माझा मुद्दा. त्यातही सगळ्यात वाईट भाग असा की आपण तोच शब्द दोन अगदी उलट बाजूंच्या माणसांना लावतो. पान तीनवर प्रशासन उदासीन आणि पान पाचवर नागरिक उदासीन.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या पावसाळ्याच्या आधी चेंबरचं झाकण फुटलं. अर्ध्या फुटाचा तुकडा उरला आणि बाकी खड्डा. तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी बाभळीची एक वाळकी फांदी आणून त्या भोकात उभी खोचली आणि टोकाला लाल फडकं बांधलं. मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’. खाली जाऊन बघितलं तर फांदी तिथेच. पुन्हा तक्रार, पुन्हा निराकरण. तिसऱ्या वेळी मी खिडकीतूनच बघितलं, खाली गेलो नाही. चौथ्यांदा तक्रारच केली नाही.

दोन महिन्यांनी प्रभागात नागरिकांची बैठक बोलावली होती. सत्तर खुर्च्या मांडलेल्या, आलो आम्ही नऊ जण. त्यातले दोन जण पुढच्या कार्यक्रमाचा माइक लावायला आलेले. उपअभियंते व्यासपीठावरून हसून म्हणाले, “बघा, लोकच उदासीन आहेत. आम्ही काय करणार?” आणि गंमत म्हणजे आम्ही नऊ जणांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

घरी आल्यावर मला माझाच राग आला. मी उदासीन होतो का? तीन वेळा तक्रार करून चौथ्यांदा न करणारा माणूस उदासीन असतो का? मराठीत यासाठी फार चांगले शब्द आहेत आणि ते ‘असणे’ही घेत नाहीत, ‘करणे’ही घेत नाहीत. ते ‘येणे’ घेतात. मला कंटाळा आला. वीट आला. उबग आला. मरगळ आली. ही गोष्ट माझ्याकडे बाहेरून चालत येते, मी फक्त तिच्या वाटेत असतो, म्हणून तर ‘मी’चा ‘मला’ होतो. आणि ‘मला वीट आला’ म्हटलं की समोरचा विचारतोच, कशाचा? उदासीन माणसाला ‘कशाचा’ असं कोणी विचारत नाही. तिथे कारण आधीच त्याच्या आत ढकलून दिलेलं असतं.

या ‘कशाचा’ला मानसशास्त्राकडे एक उत्तर आहे. १९६७च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की त्यांनी काहीही केलं तरी ते थांबणार नाहीत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात आणि ती पुष्कळांना ऐकून माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट पन्नास वर्षांनंतरची. मेंदूवरचं नंतरचं संशोधन पाहून त्याच दोघांनी २०१६ साली सांगितलं, की आपण हे उलटं मांडलं होतं. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं ही शिकलेली गोष्ट नाही, ती आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हालचालीने काही बदलतं. आणि त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांवर इलाज काय चालला होता? गळ्यातल्या दोरीने त्यांना प्रत्यक्ष कुंपणापलीकडे ओढून न्यावं लागलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, मग ती स्वतःहून उड्या मारू लागली.

मतदार जागृतीची रांगोळी स्पर्धा बघितली की मला ती दोरी आठवते. रांगोळीने कोणी कुंपणापलीकडे जात नाही.

‘शहरी मतदारांची उदासीनता’ हा शब्दप्रयोग आता निवडणूक आयोगाच्या पत्रकांतही रुळला आहे. २०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं. तिथे नक्षलग्रस्त भागातल्या मतदानाची वेळ दुपारी तीनलाच संपत होती. दक्षिण मुंबईत ते पन्नासच्या आसपास राहिलं. आकडे मांडले की निष्कर्ष तयारच असतो, की शहरी माणूस लाडावलेला आहे. असेलही. सुट्टीला जोडून सुट्टी घेऊन डोंगरावर गेलेली मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांची वकिली मी करणार नाही. त्यांना खरोखरच सोयरसुतक नसतं. (हा शब्द काय जबरदस्त आहे बघा, घरात जन्म झाला तरी विटाळ नाही, मृत्यू झाला तरी नाही, इतकं नातं तुटलेलं.) पण २० मे २०२४ला मुंबई-ठाण्यात उन्हात तासन्‌तास रांगेत उभे राहिलेले, आत मोबाइल चालत नाही आणि बाहेर तो ठेवायला जागा नाही म्हणून परत फिरलेले लोकही टक्केवारीत त्याच रकान्यात पडले. मतदान केंद्राबाहेर मोबाइल जमा करण्याची सोय करायचं आयोगाने पुढच्या वर्षी, मे २०२५मध्ये जाहीर केलं. म्हणजे उदासीनतेचा काही भाग एका लाकडी खणाच्या अभावाचा होता, हे मान्य झालंच ना?

याच्या उलटही बघा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आलं. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यामागे स्थानिक राजकारण काय होतं ते सोडून देऊ. पण रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून घेऊन ‘कोणीही नको’ म्हणणाऱ्या हजारो माणसांना कोणत्या रकान्यात टाकायचं? टक्केवारीच्या हिशेबात ते जागरूक ठरतात. बाजूला बसून नकार देण्याची ताकद, हा अर्थ घेतला तर त्या दिवशी शब्दाच्या जुन्या अर्थाने उदासीन तेच होते.

आणि एक मुद्दा मुंबई-पुण्याच्या लोकांनी तरी विसरू नये. तिथल्या महापालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. प्रभागात नगरसेवक नाही, कोणाच्या दारात जायचं ते दारच नाही. याच काळात ‘नागरिकांचा सहभाग कमी होतोय’ अशी चिंता व्यक्त करणारे परिसंवाद झाले. दार काढून न्यायचं आणि मग पाहुणे येत नाहीत म्हणून हळहळायचं, असा तो प्रकार.

आता कोणी म्हणेल, कार्यालयातल्या माणसालाही वीट येत नाही का? येतो. मी जिल्हा पानावर असताना एका तालुक्याच्या कार्यालयात एक अव्वल कारकून होते. तीन टेबलांचा ‘अतिरिक्त कार्यभार’ त्यांच्याकडे. ते अर्ज न वाचता उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवायचे. एकदा विचारलं, तर म्हणाले, “वाचला की जीव तुटतो हो. करता तर काहीच येत नाही.” हा माणूस ढिम्म नव्हता. रिक्त जागा न भरणाऱ्यांनी त्याला तिथवर आणलं होतं. त्याला मरगळ ‘आली’ होती, आणि जागा न भरण्याचं काम वर कोणीतरी ‘केलं’ होतं. ‘प्रशासन उदासीन’ म्हटलं की हे दोघे एकाच पोत्यात जातात, आणि मार बसतो तो नेहमी पोत्याच्या तळाशी असलेल्याला. म्हणून ‘प्रशासन’ हा दुसरा गुळगुळीत शब्दही मला या वादात साक्षीदार म्हणून नको आहे, पण त्याच्याविषयी परत केव्हातरी.

माझं म्हणणं अगदी कारकुनी आहे. बातमीत, निवेदनात, सोसायटीच्या पत्रात, भाषणात ‘उदासीन’ हा शब्द आला की लेखणी थांबवून एकच गोष्ट बघावी. कोणी काही करायचं होतं आणि केलं नाही, असं आहे का? मग ‘दिरंगाई’ लिहा आणि शेजारी दिवस लिहा. कोणाला काही येऊन चिकटलंय, असं आहे का? मग ‘वीट’ लिहा आणि कशाचा ते लिहा. दोन्ही नसेल आणि माणूस खरंच निर्लेप मनाने बाजूला बसला असेल, तर त्याला उदासीन म्हणा आणि जमलं तर हिशेबतपासणी समितीवर घ्या. उपसंपादक मित्र म्हणतील, दिवस मोजायला वेळ कुठे आहे? बरोबर आहे. मलाही नव्हता.

आमच्या चेंबरचं पुढे असं झालं. बैठकीहून आल्यावर मी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात एकच प्रश्न होता: या तक्रारी कोणकोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर होत्या? तक्रार सोडवा, असं कुठेही लिहिलं नाही. उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. त्यात तीन पदनामं आणि सहा तारखा होत्या, आणि एका टेबलावर एकेचाळीस दिवस. झाकण मात्र त्याच्या आधीच, अर्ज गेल्यापासून अकराव्या दिवशी बसलं. नवीन, लोखंडी, जरा हलतं, रिक्षा गेली की खडखडतं. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली येऊन विचारत होत्या, “तो अर्ज कसा लिहायचा हो? आमच्या जिन्यासमोरच्या दिव्याचं बघायचंय.” मग समोरच्या इमारतीतले एक जण आले. माझ्याकडे आता कोऱ्या अर्जांचा गठ्ठा असतो.

काकांना म्हटलं, आता ती फांदी टाकून द्या. त्यांनी लाल फडकं सोडून धुऊन वाळत घातलं, फांदी जिन्याखाली उभी करून ठेवली आणि म्हणाले, “असू दे.”